मळसूत्राचे आटे

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी सोनाराच्या पेढीवर घटकाभर बसले, की एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. एखादी आजी पदराच्या गाठीतून कुड्यांचा जोड काढते आणि म्हणते, ‘फिरकी घसरायली बघ बाबा, आटे गेलेत का?’ सोनार डोळ्याला भिंग लावतो, कुडीची दांडी उजेडाकडे धरतो, फिरकी एकदा उलटी, एकदा सुलटी फिरवतो आणि आटे झिजलेत की नुसता मळ बसलाय, ते सांगतो. काचेचे भिंग आणि सोन्याच्या दांडीवर कोरलेले मळसूत्र, या दोनच वस्तूंवर हा सारा प्रसंग उभा असतो. आज आपण ज्या यंत्राचा मागोवा घेणार आहोत, त्याचे कुळही याच दोन वस्तूंपासून चालत आलेले आहे. ज्वारीचा दाणा, बोंडअळी, उत्खननात सापडलेला मणी अशी एखादी बारीक वस्तू सुईच्या टोकावर बसवायची, मोटरींनी ती फिरवत आणि कॅमेरा कणाकणाने पुढे सरकवत तिची हजारो छायाचित्रे आपोआप काढायची आणि त्यांतून तिची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी करायची, असे हे यंत्र आहे. ते आता घरच्या टेबलावर, काही हजार रुपयांच्या सुट्या भागांतून बांधता येते. सूक्ष्मदर्शकाचा इतिहास सांगताना भिंगाचे कौतुक सगळेच करतात. मळसूत्राकडे फारसे कोणी पाहत नाही. आपण मात्र त्याचेच बोट धरून चालणार आहोत.

भिंगाचा पूर्वेतिहास आपण भरभर ओलांडू. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे होऊ लागले. सोळावे शतक संपून सतरावे सुरू होता होता हॉलंडच्या चष्मेवाल्यांनी एका नळीत दोन भिंगे बसवून पाहिली. आपल्या कथेचा पहिला खरा मुक्काम आहे १६२४ सालचा. त्या वर्षी आपल्याकडे अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली आणि मलिक अंबर व शहाजीराजे यांचे नाव दख्खनभर गाजले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गॅलिलिओने रोमला आपला स्नेही फेदेरिको चेझी याच्याकडे बारीक वस्तू पाहण्याची एक नळी पाठवली आणि सोबत ती कशी वापरायची याचे पत्र लिहिले. ते पत्र आजही वाचण्यासारखे आहे. पाहायची वस्तू खालच्या फिरत्या चकतीवर चिकटवावी आणि चकती फिरवत राहावे, कारण एका नजरेत वस्तूचा लहानसाच भाग दिसतो, असे गॅलिलिओ त्यात सांगतो. पुढे तो आणखी एक मार्मिक सूचना करतो. भिंग आणि वस्तू यांच्यातले अंतर अगदी नेमके लागते. म्हणून उंचसखल वस्तू पाहताना तिच्या ज्या भागाकडे नजर असेल त्याप्रमाणे भिंग पुढे-मागे करता आले पाहिजे आणि त्यासाठीच नळी बैठकीत सरकती ठेवली आहे. फिरवणे आणि सरकवणे या दोन हालचाली आजच्या स्वयंचलित यंत्राचा सांगाडा आहेत, आणि हा सांगाडा चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात पूर्ण तयार होता. दोन गोष्टी तेवढ्या उरल्या होत्या. सरकवत सरकवत पाहिलेले सारे थर लक्षात कोण ठेवणार, आणि असे यंत्र सामान्य माणसाच्या ऐपतीत कधी येणार? पुढची चार शतके या दोन प्रश्नांच्या उत्तरांत गेली.

पहिले उत्तर लगोलग आले, आणि ते चित्रकाराच्या हातून आले. चेझीने स्थापन केलेल्या लिंचेई अकादमीतला फ्रान्चेस्को स्तेल्लुती याने १६२५ साली मधमाशीचे भिंगातून निरीक्षण केले. पोप आठवा अर्बन हा बार्बेरिनी घराण्यातला आणि त्या घराण्याच्या मानचिन्हावर तीन मधमाश्या. तेव्हा पोपला नजर करायच्या तक्त्यावरही तीन मधमाश्या कोरल्या गेल्या. त्यांतली एक पाठीकडून दिसते, एक पोटाकडून आणि एक कुशीवरून. तीन माश्यांच्या निमित्ताने एकाच कीटकाच्या तीन बाजू वाचकासमोर आल्या. बहुदिशांनी घेतलेल्या प्रतिमांतून एक वस्तू मनात उभी करण्याचा, सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातला हा अगदी आरंभीचा छापील प्रयत्न. याच वर्षी याच अकादमीतल्या जोव्हानी फाबेरने या नळीला ‘मायक्रोस्कोप’ हे नाव दिले. म्हणजे यंत्राचे बारसे आणि त्याने घेतलेले पहिले सर्वांगदर्शन, दोन्ही एकाच वर्षातली.

आता आपण चाळीस वर्षे पुढे, लंडनला जाऊ. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. त्याच वर्षाच्या आरंभी रॉबर्ट हूकचे ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झाले होते. पिसू, उवा, माशीचे डोळे यांची त्यातली भव्य चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. परंतु त्या चित्रांमागची कटकट हूकने प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितली आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहताना उंचवटा कोणता आणि खळगा कोणता, सावली कोणती आणि मुळातला काळा डाग कोणता, हे कळत नाही. माशीचे डोळे एका उजेडात भोके पाडलेल्या जाळीसारखे दिसतात, उन्हात धरले तर सोनेरी खिळ्यांनी मढवल्यासारखे वाटतात आणि कोन बदलला की तेच कधी पिरॅमिडांसारखे, कधी शंकूंसारखे भासतात. म्हणून कोणतीही वस्तू अनेक उजेडांत आणि अनेक स्थितींत न्याहाळून तिचा खरा आकार पटल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, असा त्याने नियम केला. या नियमात आपल्या यंत्राचे सारे तर्कशास्त्र आहे. हूकचे कोणतेही चित्र भिंगातून एका क्षणी दिसलेले दृश्य नाही. अनेक थर, अनेक उजेड, अनेक बाजू त्याने डोक्यात साठवल्या आणि त्यांची बेरीज कागदावर उतरवली. साठवणीचे काम माणसाची स्मृती करत होती आणि जोडणीचे काम त्याची लेखणी.

हूकचे पुस्तक ज्यांच्या हाती पडले असावे, त्यांत हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी व्हान लेव्हेनहुक हा कापडाचा व्यापारीही होता. कापसाच्या मुलखातल्या आपल्या वाचकांना त्याचा धंदा चटकन समजेल. कापडाचा पोत पाहायचा, बोटभर जागेत उभे-आडवे धागे किती ते भिंगाने मोजायचे आणि भाव ठरवायचा. या माणसाने काचेचे बारीक मणी घासून भिंगे केली आणि दोन बोटे उंचीच्या धातूच्या पट्ट्यांत ती बसवली. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लेव्हेनहुकने आपल्या गावाजवळच्या तळ्यातल्या पाण्यात दिसलेल्या सूक्ष्म जीवांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवले. दोन वर्षांनी, १६७६ साली, त्याने जिवाणूंचे वर्णन केले. ही यंत्रे तो स्वतः घडवी. आयुष्यभरात त्याने सुमारे ५०० भिंगे व यंत्रे केली, असे सांगितले जाते; त्यांतली आज मोजकीच उरली आहेत. आपल्या दृष्टीने त्या यंत्रातली पाहण्यासारखी गोष्ट भिंगाच्या मागे आहे. वस्तू टोचायची एक सुई, तिला वर-खाली करणारे एक लांब मळसूत्र आणि तिला भिंगाच्या जवळ-दूर ढकलणारे दुसरे आखूड मळसूत्र. सुई स्वतःभोवती वळवताही येई. आटे हाताने पाडलेले, ओबडधोबड. आपल्या सोनाराने पाहिले असते तर नाक मुरडले असते. तरीही सुईवरची वस्तू, तिला फिरवणारी मूठ आणि तिला कणाने पुढे सारणारे मळसूत्र हा जो मेळ त्याने जमवला, तोच आजच्या यंत्रात जसाच्या तसा आहे. आणि ज्याला पाहायचे आहे त्यानेच यंत्र घडवायचे, ही रीतही त्याचीच.

पुढच्या दोन शतकांत ही रीत मोडली. त्याचे कारण मळसूत्रच. १८०० सालच्या आसपास इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने असा लेथ बांधला, की त्यावर एकासारखे एक, नेमक्या अंतराचे आटे कापता येऊ लागले. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. तोवर एका कारागिराचा नट दुसऱ्या कारागिराच्या बोल्टला बसत नसे. १८५८ साली लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळाने वस्तुभिंगाच्या बुडाशी असणाऱ्या आट्यांचेही एकच माप ठरवले. व्यास इंचाच्या आठ दशांश, एका इंचात ३६ आटे. हे माप इतके टिकले, की आजही बाजारातले साधे चौपट मोठे करणारे वस्तुभिंग विकत घेतले तर त्याच्या बुडाला बहुधा हेच आटे असतात आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लॅस्टिकच्या कड्यात ते मुकाट्याने बसते. स्वस्त यंत्र बांधणाऱ्या आजच्या माणसावर १८५८ च्या त्या ठरावाचे ऋण आहे. याच काळात जर्मनीत येना येथे कार्ल झाइसने १८४६ साली दुकान थाटले. पुढे एर्न्स्ट आबे हा भौतिकशास्त्रज्ञ त्याला येऊन मिळाला आणि १८७३ साली आबेने भिंगाच्या सूक्ष्मदर्शनाला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा आहे, हे गणिताने मांडले. त्या गणितातच एक कडू सत्य दडलेले होते. भिंग जितके बारीक पाहील, तितका त्याचा फोकसमधला थर पातळ होत जाईल, आणि तोही नुसत्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात. गॅलिलिओला हाताने जाणवलेली अडचण आता निसर्गनियम ठरली. भिंगे सुधारली, मळसूत्रे नेमकी झाली, यंत्रे पितळी, देखणी आणि महाग झाली, आणि लेव्हेनहुकच्या मांडीवरचे काम कारखान्यात गेले.

कारखान्यातले ते यंत्र आपल्या मुलखात आले तेव्हा काय झाले, हेही पाहू. बिलोली, नांदेड, लातूर हा सारा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९७ च्या पावसाळ्यात डास चिरत बसला होता. पंखा हलवला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून तो पंख्याविना उकाड्यात काम करी. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाची मळसूत्रे गंजली होती आणि शेवटचे नेत्रभिंगही तडकले होते, असे त्याने पुढे आठवणींत लिहिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भित्तीत त्याला हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. हा शोध जगाने डोक्यावर घेतला आणि १९०२ साली रॉसला नोबेल मिळाले. आपण मात्र क्षणभर त्या गंजलेल्या मळसूत्रापाशी थांबू. डासाचे जठर ही काही सपाट वस्तू नव्हे. तिच्या भित्तीच्या जाडीत एकेक थर उतरत, गंजक्या आट्यांशी झगडत, घामेजल्या बोटांनी केसभर पुढे, केसभर मागे करत रॉस ते पाहत होता. नेमके त्याच वर्षी येनाच्या झाइस कारखान्याने होरेशिओ ग्रीनो या अमेरिकन माणसाच्या कल्पनेवरून दोन डोळ्यांनी, खोलीसकट पाहायचे सूक्ष्मदर्शक विक्रीला काढले. मात्र त्यात दिसलेली खोली पाहणाऱ्याच्या डोक्यातच राही. डोळे काढले की गेली.

खोली साठवण्याची धडपड दुसऱ्या बाजूने चाललीच होती. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली दाखवून दिले होते, की दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली तर मन त्यांतून खोली उभी करते. जर्मनभाषक शरीरशास्त्रज्ञांनी आणखी चिकाटीची वाट धरली. विल्हेल्म हिस याने गर्भाचे पातळ काप काढणारे यंत्र वापरात आणले. गुस्ताव बोर्न याने प्रत्येक कापाचे मोठे चित्र मेणाच्या पत्र्यावर उतरवून ते कापायचे आणि पत्र्यावर पत्रा रचत गर्भाचा ठोस मेणाचा नमुना उभा करायचा, अशी पद्धत घालून दिली. थरांची बेरीज करून वस्तू परत मिळवायची, ही आजच्या संगणकाची कृती एकोणिसाव्या शतकात मेणाने होत होती. तिसरी वाट एका चर्चने दाखवली. १८५८ साली, म्हणजे वस्तुभिंगाचे आटे ठरले त्याच वर्षी, आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण स्थापत्यविशारद वेट्झलार गावच्या कॅथेड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला. जिवावर उदार होऊन मापे घेण्यापेक्षा छायाचित्रांतूनच ती का काढू नयेत, असे त्याच्या मनात आले. या विद्येला १८६७ साली ‘फोटोग्रॅमेट्री’ हे नाव मिळाले. योगायोग असा, की याच वेट्झलारमध्ये पुढे लाइट्झ कंपनीची सूक्ष्मदर्शके आणि लायका कॅमेरे घडले. इमारत मोजण्याची विद्या आणि किडा पाहण्याचे यंत्र एकाच गावात वाढले, पण त्यांची गाठ पडायला दीडशे वर्षे जावी लागली. आज बिलोलीशेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिराभोवती मोबाइल घेऊन एक प्रदक्षिणा घातली आणि ती छायाचित्रे संगणकाला दिली, तर मंदिराची त्रिमितीय प्रतिकृती मिळते. ज्वारीच्या दाण्यालाही गणित तेच लागते; फक्त दाण्याला प्रदक्षिणा घालता येत नाही, म्हणून दाण्यालाच फिरवावे लागते.

विसाव्या शतकात हे प्रश्न श्रीमंती थाटात सुटले. मार्विन मिन्स्की याने १९५७ साली अशा सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला, की ज्यात फोकसबाहेरचा प्रकाश एका बारीक छिद्राने अडवला जातो आणि वस्तूचा एकेक थर स्वच्छ टिपता येतो. १९६५ साली केंब्रिजच्या कंपनीचे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आले आणि किड्यांची अंगावर काटा आणणारी चित्रे पाठ्यपुस्तकांत दिसू लागली. १९७० च्या दशकात क्ष-किरणांनी वस्तूचे काप पाहण्याची विद्या रुग्णालयांत रुजली आणि पुढे तिचे सूक्ष्म रूपही निघाले. ही सारी यंत्रे थोर. पण त्यांच्या किमती लाखा-कोटींत आणि त्यांच्या खोल्यांना वातानुकूलन. तालुक्याच्या गावी पाहणाऱ्याच्या हाती जुने शालेय सूक्ष्मदर्शक आणि वहीतली पेन्सिलची आकृती, एवढेच राहिले.

या अंतराला मराठी मुलखातून जो जबाब मिळाला, तो आपण विसरता कामा नये. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञान शिकून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले गृहस्थ. १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचे, शाळेतल्या मुलाने वेल्डिंगही करायचे आणि जमिनीतल्या पाण्याचा अंदाजही घ्यायचा, ही तिथली शिकवण. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड संगणकचालित यंत्रांची छोटी कार्यशाळा, म्हणजे ‘फॅब लॅब’, जगभर नेऊ पाहत होते; एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली ती या पाबळमध्ये. दुसरीकडे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची इमारत झाली आणि सप्तर्षींतल्या ताऱ्यावरून, पुलंची आठवण पोटात ठेवत, तिला ‘पुलस्त्य’ नाव मिळाले. तिथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे कचऱ्यातून वैज्ञानिक खेळणी घडवली. पाण्याच्या थेंबाचे भिंग होते, हे ज्या मुलाने तारेच्या कडीत थेंब धरून स्वतः पाहिले, त्याला लेव्हेनहुक परका वाटत नाही. यंत्र विकत आणायचे नसते, घडवायचे असते, ही मोडलेली रीत या दोन ठिकाणी पुन्हा सांधली जात होती.

एव्हाना जगाच्या बाजारात काही गोष्टी आपोआप स्वस्त होत होत्या. २००५ साली इटलीत आर्डुइनो हे छोटे नियंत्रक-पटल जन्मले. त्याच वर्षी इंग्लंडात एड्रियन बॉयर यांनी स्वतःचेच भाग छापू शकेल अशा थ्रीडी प्रिंटरचा खुला प्रकल्प सुरू केला. धाग्याने छपाई करणाऱ्या प्रिंटरचे मूळ पेटंट २००९ साली संपले आणि त्याची किंमत झपाट्याने उतरली. २०१२ साली ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय संगणक आला. प्रिंटरांच्या या सुकाळाने पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर आणि नेमक्या आट्यांचे लांब मळसूत्र या दोन वस्तू भाजीपाल्यासारख्या मिळू लागल्या. मॉडस्लेचे मळसूत्र शेवटी सामान्यांच्या दारात आले. त्यातून यंत्रे निघू लागली. मेरठमध्ये जन्मलेल्या मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये कागदाची घडी घालून होणारे फोल्डस्कोप २०१४ साली जाहीर केले. त्याचे साहित्य एका डॉलरच्या आत बसे. रिचर्ड बोमन आणि सहकाऱ्यांच्या ओपनफ्लेक्शरने, ज्याचा पहिला निबंध २०१६ चा, आणखी एक चतुर पाऊल टाकले. छापलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ सांध्यांच्या लवचिकतेवर वस्तूची बैठक हलवायची आणि तिला ढकलायला एसीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी वापरायच्या. साध्या बोल्टच्या आट्यांवर चालणारी ही बैठक मिलिमीटरच्या दहा हजारांश भागाहूनही बारीक पावलांनी सरकते. त्रिमितीच्या वाटेवर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली, जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या गटाने २०१८ साली आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले फाबियान प्लुम व डेव्हिड लाबोन्ते यांनी २०२१ साली एकेक मजल मारली. शेवटच्या दोघांच्या यंत्राचे नाव ‘स्कॅन्ट’. सुईवर कीटक, त्याला वळवणाऱ्या दोन मोटरी, कॅमेरा पुढे-मागे करणारी तिसरी मोटर आणि भोवती मऊ उजेडाचा घुमट. आराखडे आणि संगणकप्रणाली सर्वांना खुल्या. गॅलिलिओची फिरती चकती आणि सरकती नळी इथे पुन्हा भेटतात. हूकची स्मृती आणि लेखणी यांची जागा कॅमेऱ्याने आणि संगणकाने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांतच कळते. समजा, टेबलावर ज्वारीचा चार मिलिमीटरचा दाणा आहे आणि चौपट मोठे करणारे साधे वस्तुभिंग आहे. त्या भिंगाचा फोकसमधला थर साधारण ५५ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीहूनही कमी. एका बाजूने दाण्याची दिसणारी खोली दोन मिलिमीटर धरली आणि थर एकमेकांवर निम्मे चढवत गेले, तर दर २५ मायक्रॉनांवर एक याप्रमाणे ८० छायाचित्रे लागतात. प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा निवडून संगणक त्यांचे एक नितळ चित्र करतो. असे चित्र भोवतालच्या ३६ दिशांनी आणि कलण्याच्या तीन कोनांतून हवे, म्हणजे १०८ चित्रे. सगळी मिळून ८,६४० छायाचित्रे. एकाला अडीच सेकंद धरले तरी सहा तास. माणसाच्या बोटांना हे काम जमणार नाही. ती तिसऱ्या-चौथ्या दिशेलाच कंटाळतील. मोटर कंटाळत नाही. एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जाणारे मळसूत्र आणि एका फेऱ्याची २०० पावले करणारी मोटर असेल, तर एक पाऊल पाच मायक्रॉनचे. पाच पावले टाकायची, थरथर शमेपर्यंत क्षणभर थांबायचे, टिपायचे, पुन्हा पाच पावले. खर्च भिंग आणि मोटरींपेक्षा कॅमेऱ्यावर अधिक होतो, आणि जुना कॅमेरा घरात असेल तर तोही वाचतो. घुमटाला थर्माकोलचा गोळा चालतो. खरी दुखणी वेगळीच आहेत. छताचा पंखा चालू असला तरी चित्र हलते. गुळगुळीत दाण्यावर चकाकी आली की संगणक गोंधळतो. रात्री अडीचला वीज गेली की सहा तासांचे काम मध्येच तुटते, म्हणून कोणते छायाचित्र शेवटचे ते यंत्राने लिहून ठेवावे लागते. आणि सगळ्यात खट्याळ दुखणे म्हणजे आट्यांतली ढिलाई: दिशा उलटवली की मळसूत्र फिरते, पण पहिली काही पावले कॅमेरा जागचा हलत नाही. यावर उपाय जुना आणि साधा; मोजमाप नेहमी एकाच दिशेने जाताना करायचे, आणि परतताना जास्तीचे मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे.

अशा यंत्राने बिलोलीच्या परिसरात पाहायचे काय, हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण पाहण्यासारखे पायाशीच पडले आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राच्या कपाशीचे जे हाल केले, ते इथला शेतकरी विसरलेला नाही. अळी बोंडात शिरली की बाहेरून पत्ता लागत नाही. तिचे अंडे, तिचे कोवळे रूप, तिचा पतंग सर्व बाजूंनी फिरवून दाखवता आला, तर ओळख वेळेवर पटायला त्याची मदत होईल. बिलोली तालुक्यातच सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे; नांदेडला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र आहे. लातूरच्या पलीकडचे तेर म्हणजे प्राचीन तगर; तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातले मणी आणि बारीकसारीक वस्तू जपून ठेवल्या आहेत. दगडी मण्याच्या आतल्या भोकावरची वळणेही छिद्र पाडणाऱ्या हाताची खूण सांगतात. अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून २०१६ पासून देशभरच्या हजारो शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले आहेत. त्यांच्यावर चावीची साखळी छापून झाली, की पुढे काय छापायचे याचे उत्तर आपल्या हाती आहे.

हे यंत्र बांधायला घेणारा कोणी मुलगा किंवा मुलगी बिलोलीत निघाली, तर पहिल्या आठवड्यातच तिला एक अडचण येईल. चित्रे एकावर एक बसणार नाहीत, दाण्याची कड दुहेरी दिसेल, आणि प्रणालीत दोष की भिंगात, हे काही केल्या उमगणार नाही. अशा वेळी तिने मोटरीपासून मळसूत्र सोडवावे, नटासकट खिशात घालावे आणि बाजारातल्या सोनाराच्या पेढीवर जावे. तो डोळ्याला भिंग लावील, दांडी उजेडाकडे धरील, नट एकदा उलटा, एकदा सुलटा फिरवील आणि आटे झिजलेत की नुसता मळ बसलाय, ते सांगेल.